लोखंडी बुटाचा डॉक्टर

पुण्या-मुंबईच्या कोणत्याही जिममध्ये सकाळी डोकावले, तर एक हिशेब हमखास कानावर पडतो. दहा-दहाचे तीन सेट. नव्याने आलेल्या मुलाला प्रशिक्षक तोच सांगतो, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीला येणाऱ्या आजोबांच्या कागदावरही तोच लिहिलेला असतो. दहाच का आणि तीनच का, हे सहसा कुणी विचारत नाही. हा हिशेब रूढ झाला तो एका लष्करी रुग्णालयात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, आणि त्याचा जनक होता वजने उचलण्याचा नाद असलेला एक तरुण डॉक्टर. डॉ. थॉमस डीलॉर्म हे त्यांचे नाव. भौतिकोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही ठळकपणे येते. जिममध्ये मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नसते.

डीलॉर्म यांचा जन्म 1917 सालचा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. किशोरवयात थॉमसला संधिवाती तापाने गाठले. प्रतिजैविके अजून हाताशी यायची होती, त्या काळात हा आजार मुलांच्या हृदयाच्या झडपांवर घाला घालणारा म्हणून धास्तीचा मानला जाई. उपाय एकच : अंथरुण. त्यातून उठल्यावरही जोराचे श्रम वर्ज्य. थॉमस अंथरुणाला खिळला आणि अंगातली ताकद ओसरत जाताना पाहत राहिला. बरे झाल्यावर आयुष्यभर जपून वागायचे, हा त्या काळचा शहाणपणाचा सल्ला होता. त्याने तो मानला नाही. शरीर कमावण्यावरची मासिके वाचून आणि घरच्या घरी जुळवलेली वजने घेऊन त्याने व्यायाम सुरू केला. आधी थोडे वजन, ते पेलू लागले की आणखी थोडे. काही वर्षांत तो केवळ धडधाकट झाला नाही, तर चांगल्यापैकी भारोत्तोलक झाला.

ही गोष्ट साहसाची म्हणून रंगवून सांगण्याचा मोह होतो. पण ती अनुकरणीय होती असे म्हणता येणार नाही. झडपा खरोखरच निकामी झालेल्या एखाद्या मुलाने हेच केले असते तर वेगळे घडू शकले असते. थॉमसच्या बाबतीत ते निभावले, आणि दुबळ्या शरीरावर बेताबेताने भार वाढवत नेला तर ते उभे राहते, हा अनुभव त्याच्या गाठीशी जमा झाला. पुढे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, न्यूयॉर्क विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली आणि युद्ध ऐन भरात असताना तो लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला.

नेमणूक मिळाली ती शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये. मिशिगन सरोवराच्या काठावरचे एक प्रशस्त हॉटेल लष्कराने युद्धकाळात ताब्यात घेतले होते, त्याचेच हे रुग्णालय. 1943 साली अलास्कात विमान अपघातात मरण पावलेल्या रूथ गार्डिनर या लष्करी परिचारिकेचे नाव त्याला दिलेले होते. हॉटेलच्या खोल्यांमध्ये आता हाडे मोडलेले, गुडघे निखळलेले, मांड्यांना गोळ्या लागलेले सैनिक पडून होते. त्यांच्या जखमा भरत होत्या, हाडे सांधत होती. तरीही माणसे बाहेर पडत नव्हती. कारण प्लास्टर काढल्यावर दिसणारा पाय कामाचा राहिलेला नसे.

गुडघ्याला मार लागला की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, ज्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात, तो विलक्षण वेगाने झडतो. त्याचे कारण केवळ पाय पडून राहतो एवढेच नाही. सांध्यात सूज आली की तिथून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे या स्नायूला मिळणारी चेतना आखडती होते. मेंदूने हुकूम दिला तरी स्नायूचा काही भाग जागा होत नाही. ही यंत्रणा आज बरीच उलगडली आहे. त्या काळच्या डॉक्टरांना परिणाम मात्र रोज दिसत होता : चालता चालता गुडघा अचानक दगा देई, पुन्हा मुरगळे, पुन्हा पाणी भरे, रुग्ण पुन्हा खाटेवर.

त्यावर चालू असलेला उपचार सौम्य होता. नुसत्याच पायाच्या असंख्य हालचाली, दोरी-कप्पीला टांगलेली हलकी वजने, स्थिर सायकल, जिन्यांची चढउतार. या सगळ्यामागे एक सद्‌हेतू होता की, दुखावलेल्या अवयवावर ताण नको. त्यातली गफलत डीलॉर्म यांना भारोत्तोलक म्हणून दिसली. सायकलवर बसलेला सैनिक धडधाकट पायाने पॅडल मारत होता आणि दुखरा पाय नुसता सोबतीला फिरत होता. जिना चढताना तो कठड्यावर हाताने भार टाकत होता. ज्या स्नायूसाठी सगळा खटाटोप, तो स्वस्थच बसलेला.

त्या सैनिकांत पॅराशूट दलातला एक सार्जंट होता. गुडघ्याला दुखापत, शस्त्रक्रिया झालेली, नेहमीचा उपचार चालू आणि प्रगती नाही. 1944 साली डीलॉर्म यांनी त्याच्यावर वेगळा प्रयोग करायचे ठरवले. त्याच्या पायाला वजन बांधायचे, तेही हलके नव्हे, तर त्याला जेमतेम पेलेल इतके.

यात जोखीम काय होती, ते नीट पाहायला हवे. डीलॉर्म तेव्हा सत्तावीस वर्षांचे, नुकतेच पदवी घेतलेले होते. वजने उचलण्याचा संबंध वैद्यकीय वर्तुळात सर्कशीतल्या पहिलवानांशी लावला जाई. वजनांमुळे हृदय फुगते, स्नायू गाठाळतात, माणूस जड आणि मंद होतो, हे समज शिकल्यासवरलेल्यांतही पक्के होते. शस्त्रक्रिया झालेला गुडघा या प्रयोगात बिघडला असता, तर एका सैनिकाचा पाय आणि एका डॉक्टरची कारकीर्द दोन्ही पणाला लागली असती. तसे झाले नाही. सार्जंटचा पाय सुधारला, मग दुसरा रुग्ण आला, मग तिसरा, आणि पाहता पाहता व्यायामाची ती खोली भरून गेली.

साधन अगदी साधे होते. पायात बांधायचा लोखंडी बूट, त्याच्या तळातून आरपार जाणारी एक आखूड कांब आणि कांबेच्या दोन्ही टोकांना अडकवायच्या चकत्या. रुग्णाने टेबलाच्या कडेवर बसायचे, गुडघा वाकलेला, पाय खाली. मग पाय पूर्ण सरळ होईपर्यंत वजन उचलायचे आणि पुन्हा खाली आणायचे. एवढेच.

पण डीलॉर्म यांची खरी कामगिरी बुटात नव्हती, ते वजन कसे उचलायचे यासंबंधीच्या शिस्तीत होती. पाय झोक्याने वर भिरकावायचा नाही. हिसका द्यायचा नाही. हालचाल सलग, एका लयीत, घाई न करता; पाय पूर्ण ताठ झाला की क्षणभर थांबायचे आणि मग वजन सोडून न देता, ताबा ठेवून खाली न्यायचे. धड मागे टाकून किंवा कंबर उचलून पायाला उसनी मदत द्यायची नाही. शेवटचे काही अंश, जिथे पाय सरळ व्हायला कुरकुर करतो, ते वगळायचे नाहीत. वजन पेलण्यासाठी पद्धत बिघडवावी लागत असेल, तर ते वजन त्या रुग्णाचे नव्हेच. जड वजन आणि शुद्ध हालचाल या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे तेव्हाही अनेकांना वाटे, आजही वाटते. गार्डिनरमधल्या खोलीत त्या एकाच नियमाच्या दोन बाजू होत्या : हालचाल बिनचूक ठेवल्याखेरीज वजनाचा आकडा मोजण्यालाच अर्थ नव्हता.

मोजणे हा त्यांचा दुसरा आग्रह. किती वजन द्यायचे, हे डॉक्टरच्या अंदाजावर किंवा रुग्णाच्या उत्साहावर सोडायचे नाही. वजन थोडे थोडे वाढवत जायचे आणि जे नेमके दहा वेळाच उचलता येते, अकराव्यांदा नाही, ते शोधायचे. हे त्या स्नायूचे त्या आठवड्याचे माप. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी, नवे माप, नवे वजन. दुसरा, न दुखावलेला पाय हा मापदंड. दुखावलेल्या पायाने त्याची बरोबरी साधली की काम फत्ते. मांडीचा घेर फितीने मोजला जाई, ताकदीच्या नोंदी ठेवल्या जात. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या माणसाला आपण बरे होत आहोत याचा पुरावा लोखंडाच्या चकत्यांत दिसू लागला. याचा मनावर झालेला परिणाम कोणत्याही औषधापेक्षा कमी नसावा.

1945 साली डीलॉर्म यांचा निबंध अस्थिरोगशास्त्राच्या अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुद्दा पुढे सूत्रासारखा रूढ झाला. कमी वजन आणि पुष्कळ आवर्तने यांतून दम वाढतो. अधिक वजन आणि मोजकी आवर्तने यांतून ताकद वाढते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. आपल्याकडे तालमीत शेकड्यांनी जोर-बैठका काढणाऱ्यांना यातला पहिला भाग अनुभवाने माहीत होता. दुखावलेल्या पायाला आधी लागते ती ताकद, असे डीलॉर्म यांचे म्हणणे. ती परत येण्याआधी त्याला पळायला, जिने चढायला, सायकल मारायला लावणे म्हणजे दुबळ्या स्नायूला थकवणे आणि सांध्याला पुन्हा धोक्यात घालणे. तोवरच्या उपचारांचा क्रम त्यांनी अशा रीतीने उलटा केला.

युद्ध संपल्यावर डीलॉर्म बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आले. तिथे भौतिकोपचार विभागाचे डॉ. आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी आपली पद्धत पुन्हा तपासून पाहिली. हा भाग मला... असा प्रथमपुरुषी कौतुकाचा मोह टाळूनही म्हणावे लागते की, स्वतःच्या गाजलेल्या शोधाला तीन वर्षांतच कात्री लावणारे संशोधक विरळा. सुरुवातीला ते एका बैठकीत दहा-दहाचे सात ते दहा सेट, म्हणजे सत्तर ते शंभर आवर्तने करून घेत. ती गरजेपेक्षा जास्त होती असे त्यांना दिसून आले. 1948 सालच्या निबंधात डीलॉर्म आणि वॉटकिन्स यांनी ती तीन सेटवर आणली. पहिला सेट दहा आवर्तनांच्या कमाल वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपट वजनाने आणि तिसराच काय तो पूर्ण वजनाने. नावही बदलले. आधीच्या नावातला जडपणावरचा भर गैरसमज पसरवणारा होता. आता त्याला उत्तरोत्तर वाढत्या प्रतिकाराचा व्यायाम असे नाव मिळाले.

आजच्या जिममध्ये पोहोचला तो हाच हिशेब. मात्र वाटेत त्याचा निम्मा अर्थ गळाला. चाळीस किलो हे ज्याचे दहा आवर्तनांचे कमाल वजन, त्याने डीलॉर्म यांच्या पद्धतीत आधी वीस, मग तीस आणि शेवटी चाळीस किलो उचलायचे. पहिले दोन सेट ही अंग तापवण्याची आणि हालचाल घटवण्याची संधी. तीनही सेट सारख्याच वजनाने, तेही पहिल्या दिवसापासून, हा पुढच्या काळातला सोयीचा अर्थ आहे. दुखापतीनंतर परतलेला माणूस बहुधा इथेच घसरतो : सहा महिन्यांपूर्वीचा आकडा त्याच्या लक्षात असतो, आणि कांबेवर तो तेवढ्याच चकत्या चढवतो.

जखमी सैनिकांनंतर पोलिओचे रुग्ण आले. त्या दशकात अमेरिकेत पोलिओच्या साथी मोठ्या होत्या आणि लस अजून काही वर्षे दूर होती. पोलिओने लुळा पडलेला पाय वजन उचलेल कसा? स्वतःचे ओझेच ज्याला पेलत नाही, त्याला लोखंडी बूट घालून काय उपयोग? इथे डीलॉर्म यांनी आपलेच तत्त्व उलटे वापरले. कप्पीच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार लावून पाय हलका करायचा आणि स्नायू सुधारेल तसतसा तो प्रतिभार कमी करत आणायचा. मदत घटवणे म्हणजे भार वाढवणेच. श्वाब आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी पोलिओग्रस्तांच्या मांडीच्या स्नायूंवरचा निबंध 1948 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या स्नायूंत थोडीफार चेतना शिल्लक होती, त्यांची ताकद वाढवता येते असे त्यातून दिसले. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी पुन्हा उद्भवणाऱ्या अशक्तपणाची ओळख पुढे झाल्यावर, अशा स्नायूंना थकवा येईपर्यंत राबवू नये, ही सावधगिरी त्यात जोडली गेली.

वजनाने स्नायू मंदावतात, हा समज मात्र इतक्या सहजी हटणारा नव्हता. 1951 मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजच्या पीटर कार्पोविच यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर सहाशे जणांच्या हाताचा वेग मोजला. निम्मे भारोत्तोलक, निम्मे इतर. भारोत्तोलक अधिक चपळ निघाले. कार्पोविच स्वतः आधी या व्यायामाकडे संशयाने पाहणाऱ्यांपैकी होते, हे यातले विशेष. डीलॉर्म यांनीही 1952 मध्ये सहकाऱ्यांसह वाढत्या प्रतिकाराच्या व्यायामाचा स्नायूंच्या आकुंचनाच्या वेळेवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी शाळकरी वयातल्या मुलांच्या दुखापतींसाठीही ही पद्धत वापरून पाहिली गेली होती. 1951 सालीच डीलॉर्म आणि वॉटकिन्स यांचे पुस्तक आले आणि लष्करी रुग्णालयातली युक्ती भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली.

टीकाही झाली, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. 1951 मध्येच इंग्लंडमध्ये झिनोव्हिएफ यांनी ऑक्सफर्ड पद्धत म्हणून ओळखली जाणारी उलटी मांडणी पुढे आणली. थकलेल्या स्नायूला शेवटी सर्वात जड वजन का द्यायचे? ताजा असताना आधी पूर्ण वजन उचलावे आणि मग थकव्याबरोबर ते कमी करत न्यावे. दोन्ही पद्धतींनी ताकद वाढते, असेच पुढे दिसत आले. 1962 मध्ये रिचर्ड बर्जर यांनी सेट आणि आवर्तनांचे वेगवेगळे मेळ तपासले, तेव्हा त्यांच्या प्रयोगात तीन सेट आणि सहा आवर्तने सरस ठरली. म्हणजे दहा हा आकडा काही वेदवाक्य नव्हे.

बुटाच्या मर्यादा तर यंत्रशास्त्राच्या होत्या. पाय खाली लोंबत असताना बुटाचे वजन स्नायूवर जवळजवळ काहीच काम टाकत नाही, उलट सांध्याला खाली ओढते. पाय सरळ होत जातो तसतसा भार वाढतो आणि पूर्ण ताठ झाल्यावर तो कमाल होतो. गुडघ्यातल्या पुढच्या फुलीच्या अस्थिबंधावर, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेल्या एसीएलवर, याच शेवटच्या टप्प्यात ताण येतो. त्यामुळे या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्यांना सुरुवातीच्या काळात पाय जमिनीला टेकवून करायचे व्यायाम, मर्यादित बैठका, लेग प्रेस असे प्रकार आधी दिले जातात आणि पाय मोकळा ठेवून सरळ करण्याचा व्यायाम ठराविक कोनातच, जपून दिला जातो. डीलॉर्म यांच्या काळात या अस्थिबंधाची आजच्यासारखी पुनर्रचना होतच नव्हती. बूट अडगळीत गेला. वाकलेल्या पायाला आधार देणारी, कप्प्या आणि तरफा असलेली टेबले आली, त्यांच्या रचनेतही डीलॉर्म यांचा हात होता. जिममधले लेग एक्स्टेन्शनचे यंत्र त्याच घराण्यातले.

डीलॉर्म यांनी स्वतः पुढचे आयुष्य व्यायामाच्या प्रचारात घालवले नाही. ते अस्थिशल्यचिकित्सक झाले आणि बॉस्टन परिसरातच रमले. त्यांच्या नावाने ना व्यायामशाळांची साखळी निघाली, ना प्रथिनांचे डबे. ज्या मुलाला जोराचे श्रम करू नकोस असे सांगण्यात आले होते, तो पंचाऐंशीच्या घरात पोहोचला. 2003 साली डीलॉर्म यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा निम्मा, पाऊण आणि पूर्ण हा हिशेब पंचावन्न वर्षांचा झाला होता.